घाट चढायचा तर आधी दाते मोजा

सायकल हा आमच्या वस्तीला काही नवा विषय नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी उभी हयात सायकलीवर काढली. हँडलला डबा, पुढच्या नळीवर पोर आणि मागे कॅरिअरवर रेशनची पिशवी. त्या सायकलींना गिअर नव्हते आणि गिअर नाहीत म्हणून कोणी कामावर खाडा केला नाही. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की गिअर ही पैसेवाल्यांची चैन आहे, खरा दम पायात असावा लागतो. ही समजूत आम्ही पंचेचाळीस वर्षे सांभाळली. गेल्या जानेवारीत पेठ रोडच्या सावळ घाटात आमच्या डाव्या गुडघ्याने ती खोटी ठरवली.

झाले असे. आमच्या वस्तीत मुलांसाठी एक अभ्यासिका चालते. परीक्षेच्या अभ्यासाने आंबलेल्या मुलांना जरा मोकळी हवा मिळावी म्हणून एका रविवारी सायकल सहल ठरवली. नऊ मुले-मुली आणि मोठी आम्ही दोघे. नाशिकहून पेठ रोडने करंजाळीपर्यंत जायचे, डबे खायचे आणि परत यायचे. जाताना सावळ घाटाचा उतार लागला. वारा कानात घेत सगळी हसत-ओरडत खाली गेली. उतरलेला घाट परतताना चढावाही लागतो, हा जमा-खर्चाचा साधा नियम बी.कॉम. झालेल्या आमच्यासारख्यांच्याही ध्यानात आला नाही.

येताना घाट सुरू झाला आणि अर्ध्या तासात सहलीची पांगापांग झाली. एकवीस गिअरची सायकल असलेला आमचा कॉलेजकुमार पहिल्याच वळणावर उतरून चालू लागला. आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी घेतलेली सात गिअरची नवी सायकल होती. "घाटातसुद्धा पळते," असे सांगून दुकानदाराने ती आमच्या गळ्यात मारली होती. सगळ्यात हलका गिअर टाकूनही पॅडल फिरेना. आम्ही उभे राहून, दात-ओठ खाऊन ढकलत राहिलो. चालायला लाज वाटली, हे खरे कारण. मुलांसमोर उतरायचे कसे?

आणि अकरावीतली एक मुलगी, जिच्याकडे आईची जुनी बिनगिअरची लेडीज सायकल होती, ती चढ लागताच निमूटपणे उतरली आणि सायकल हाती धरून चालत राहिली. दोन-तीन पोरे तिला हसली. घाटमाथ्यावर ती आमच्या मागोमाग दहा मिनिटांत पोहोचली, धापही न लागता. आमचा गुडघा मात्र त्या रात्री सुजला आणि तीन आठवडे ऑफिसचा जिना चढताना आम्हाला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

गुडघा शेकत बसल्यावर माणूस विचार करू लागतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीची टपरी असलेले एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात. आम्ही सायकल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि गिअर बिघडल्याची तक्रार केली. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवले आणि म्हणाले, "गिअर ठणठणीत आहेत. दाते मोजले होते का घेताना? तुम्ही तर हिशेबाची माणसं."

दाते आम्ही कधी मोजले नव्हते. गिअर किती, एवढेच विचारले होते.

मग काकांनी पाटीवर खडूने जो हिशेब मांडला तो वाचकांसमोर ठेवतो, कारण तो कोणत्याही दुकानात सहसा कोणी सांगत नाही. पॅडलजवळच्या दातेरी चक्राला चेनव्हील म्हणतात आणि मागच्या चाकावरच्या चक्राला फ्रीव्हील. साध्या काळ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते असे जोड आढळते. 44 ला 18 ने भागा, 2.44 आले. म्हणजे पॅडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. त्या चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर. तेव्हा एका फेऱ्यात सायकल पुढे जाते सुमारे 5.4 मीटर. सपाटीला हे फार चांगले. चढावर मात्र पायाला तेवढा सगळा पल्ला एका दमात ओढावा लागतो.

आमच्या सात गिअरच्या सायकलीला पुढे एकच चक्र, 44 दात्यांचे. मागे सात चक्रे, सर्वांत लहान 14 आणि सर्वांत मोठे 28 दात्यांचे. पुढचे जितके लहान आणि मागचे जितके मोठे, तितका गिअर हलका. आमचा हलक्यात हलका गिअर म्हणजे 44 भागिले 28, एका फेऱ्याला 3.3 मीटर. काळ्या सायकलीपेक्षा हलका खरा, पण घाटासाठी अजून फार जड.

आता हे जड-हलके म्हणजे नेमके काय, ते आम्ही आमच्या पतपेढीच्या भाषेत सांगतो. समजा आम्ही, सायकल आणि सामान मिळून वजन 90 किलो. चढ असा, की शंभर मीटर पुढे गेले की सहा मीटर वर. ताशी आठ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 133 मीटर या संथ चालीने चढायचे. तर दर मिनिटाला आपण आठ मीटर उंच जातो. म्हणजे 90 किलोचे ओझे दर मिनिटाला अडीच मजले वर न्यायचे. हे झाले कर्ज. ते कोणत्याही सायकलीने कमी होत नाही, महागड्या सायकलीनेही नाही. कमी-जास्त होतो तो हप्ता. काळ्या सायकलीवर ही चाल ठेवायला मिनिटाला फक्त 25 फेरे मारावे लागतात, म्हणून 90 गुणिले 8 हे 720 चे कर्ज पंचवीस हप्त्यांत फेडायचे. एकेक हप्ता 29 चा. आमच्या नव्या सायकलीवर 40 फेरे, हप्ता 18 चा. एका फेऱ्याला दोन मीटरचा गिअर असेल तर 67 फेरे, हप्ता 11 च्याही आत. वारा आणि टायरचे घर्षण यात धरलेले नाही, पण एवढ्या मंद चालीत मुख्य बोजा चढाचाच असतो.

माणूस दमतो तो कर्जाने, पण मोडतो तो हप्त्याने. आमचा गुडघा मोठ्या हप्त्याने मोडला होता.

हलक्या गिअरची लाज वाटणे हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समध्ये सेंत एत्येन या गावी पॉल द विव्ही नावाचा सायकलींचा व्यापारी होता. 1853 मध्ये जन्मलेला हा माणूस व्हेलोसिओ या टोपणनावाने सायकलवर लिहीत असे. डोंगरात सायकलने हिंडायचे तर गिअर बदलता आले पाहिजेत, हे तो आयुष्यभर सांगत राहिला आणि लोक त्याची चेष्टा करीत राहिले. 1902 मध्ये तिथल्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर, सुमारे 240 किलोमीटरची चाचणी घेतली. एदुआर फिशर हा नामांकित शर्यतपटू एकाच गिअरच्या सायकलीवर होता. मार्त एस ही बाई तीन गिअरच्या सायकलीवर होती. बाईंनी त्याला मागे टाकले.

एवढे झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी जे मत दिले ते असे, की गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, जवानांनी स्नायूंच्या जोरावर जिंकावे. त्यांच्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या गिअरला 1937 पर्यंत बंदीच होती. पंचेचाळिशी आम्हीही उलटली आहे, तेव्हा देग्रांजसाहेबांच्या परवानगीने आम्हाला गिअर वापरता येतात. विनोद सोडा, पण घाटात त्या मुलीला हसणारी आमची पोरे आणि हे साहेब यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असूनही विचाराचे अंतर फारसे नाही.

इथे कसाऱ्याची आठवण येते. कसारा ते इगतपुरी रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे. आपण मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिने लागतात आणि मग गाडी घाट चढते. त्या गाडीच्या दमाविषयी डब्यातला एकही प्रवासी शंका घेत नाही. चहा पितो आणि खिडकीतून दरी बघतो.

आता बाजारातल्या स्थितीकडे वळतो. आपल्या नाशकात गेल्या दहा-पंधरा वर्षांत सायकलीची मोठी हवा तयार झाली, त्याला सबळ कारण आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये, त्या काळी नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी काही तासांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. अभिमानाची गोष्ट आहे आणि मुलांनी ही नावे पाठ करावीत.

पण या शर्यतीची सायकल आपल्याला बघून घ्यायची नसते. शर्यतवाल्याच्या मागे गाडी असते, गाडीत पाणी, कपडे, डॉक्टर, मिस्त्री. सायकलीवर बाटलीपलीकडे ओझे नसते. पूर्वी शर्यतीच्या सायकलीला पुढे 53 आणि 39 दाते असत. आता बऱ्याच ठिकाणी 50 आणि 34, मागे 28 किंवा 32 पर्यंत. 34 भागिले 28 धरले तर एका फेऱ्याला अडीच मीटरच्या आसपास. वर्षानुवर्षे सराव केलेल्या, साठ किलोच्या तरुणाला ते पुरते. दोन पिशव्या, तंबू आणि तीन दिवसांची शिदोरी लादलेल्या माणसाला पुरत नाही. लांबच्या प्रवासासाठी मुद्दाम बनवलेल्या सायकलीला पुढे 48, 36 आणि 26 अशी तीन चक्रे आणि मागे 34 किंवा 36 दात्यांपर्यंतचा संच असतो. 26 भागिले 34 म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 1.6 मीटर. तिची किंमत ऐकून मात्र आम्ही दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरलो.

साध्या पगारदाराने काय करावे? इथे आमच्या कॉलेजकुमाराची गोष्ट कामाला येते. ज्या सायकलीवरून तो पहिल्याच वळणावर उतरला ती खरे तर त्या दिवशीची घाटाला सर्वांत योग्य सायकल होती! पुढे 42, 34, 24 आणि मागे 14 ते 28. सर्वांत हलका गिअर 24 भागिले 28, सव्वीस इंची चाकाला एका फेऱ्यास 1.8 मीटरच्या आत. पण डाव्या हाताची कळ कशासाठी असते हे त्याला ठाऊकच नव्हते. वर्षभर त्याने पुढचे मोठे चक्र कधी सोडलेच नाही. घरात शिलाई मशीन आणून फक्त काज करायला वापरावे, तशातली गत.

एकवीस गिअर हा आकडाही तसा फसवा आहे. तीन गुणिले सात म्हणून एकवीस. पण 42 भागिले 28 केले तर दीड येते, 24 भागिले 16 केले तरी दीडच, आणि 34 भागिले 22 केले तर दीडच्या किंचित वर. एकच गिअर तीन दारांनी आला. शिवाय पुढे मोठे आणि मागेही मोठे, किंवा दोन्हीकडे लहान असे टाकले तर चेन तिरपी ओढली जाते, करकरते आणि लवकर झिजते, म्हणून ते जोड टाळायचे. हाती बारा-तेरा उपयोगाचे उरतात. तेही भरपूर झाले. दुकानात गेल्यावर गिअर किती हे विचारूच नये. हलक्यात हलका कोणता, हे विचारावे. सपाटीचा जड गिअर बहुतेक सायकलींना हवा त्याहून जास्तच दिलेला असतो, आणि उतारावर तर पाय थांबवून ब्रेकवर बोटे ठेवायची असतात.

दाते मोजणे जमत नसेल तर काकांनी सांगितलेली युक्ती आहे. खडू आणि शिवणाचा टेप खिशात ठेवा. दुकानात सायकल सर्वांत हलक्या गिअरवर टाकून घ्या. एक पॅडल अगदी खाली आणा, मागचा टायर जमिनीला टेकतो तिथे खडूने खूण करा. सायकल हळू पुढे ढकला आणि हाताने पॅडल बरोबर एक फेरा फिरवून पुन्हा खाली आणा. टायर आता जिथे टेकतो तिथे दुसरी खूण. मधले अंतर मोजा. सामान घेऊन घाट चढायचा असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा वय आमच्याएवढे असेल, तर हे अंतर दोन मीटरच्या आत असावे. तरुण, हलक्या अंगाचे, बिनओझ्याचे असाल तर अडीचपर्यंत चालेल. तीन मीटरच्या पुढे असेल तर ती सायकल गावात वापरायला घ्या, घाटाचे नाव काढू नका. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू द्या, पैसे आपले आहेत.

घेतलेली सायकल चुकीची निघाली तरी ती विकण्याची घाई नको. आमच्या सायकलीला काकांनी 14 ते 34 दात्यांचे फ्रीव्हील बसवले आणि पुढे 44 च्या जागी 32 दात्यांचा क्रँक सेट टाकला. चेन नवी, तिची लांबी बघून. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारा मागचा भाग 34 दात्यांचे चक्र झेपणारा आहे की नाही, हे त्यांनी आधी तपासले. ते पाहिल्याशिवाय मोठे फ्रीव्हील बसवू नये, नाहीतर तो चाकाच्या तारांत अडकून मोडतो. सगळा खर्च सायकलीच्या किमतीच्या सातव्या हिश्श्यात बसला. आता हलका गिअर 32 भागिले 34, फेऱ्याला दोन मीटरच्या किंचित आत. जड गिअर 4.8 मीटर, म्हणजे वडिलांच्या काळ्या सायकलीच्या एकुलत्या गिअरपेक्षाही हलका! तरी मिनिटाला 80 फेरे मारले की ताशी 23 किलोमीटरने जाते. ऑफिसला जायला आणखी किती हवे?

चालवण्याची सवयही बदलावी लागली. पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोजायचे आणि चारने गुणायचे. चढावर साठच्या खाली आले की गिअर हलका करायचा. आणि तो चढ अंगावर येण्याआधी करायचा. पायाने जोर लावलेला असताना कळ दाबली की चेन कडकड करते, कधी उतरते. पहिले दोन आठवडे रिकामे पाय फिरवल्यासारखे वाटते, आपण काहीच करत नाही असे वाटते. गुडघ्याला मात्र लगेच कळते.

आता त्या अकरावीतल्या मुलीचे. गिअरची सायकल घेणे तिच्या घरी शक्य नव्हते. आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्याही बिनगिअरच्याच. पेठ, सुरगाण्यासारख्या डोंगराळ भागात त्या मुली चढाला उतरतात आणि ढकलतात. ढकलण्यात कमीपणा नाही, हे आम्ही सावळ घाटात शिकलो. पण बिनगिअरच्या सायकलीलाही थोडे हलके करता येते, हे आम्हाला काकांनीच सांगितले. मागचे 18 दात्यांचे फ्रीव्हील काढून 20 किंवा 22 दात्यांचे बसवायचे. चेनला एखादी कडी जोडावी लागते. 44 भागिले 22 म्हणजे बरोबर दोन, फेऱ्याला 4.4 मीटर. हप्ता जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी. सपाटीवर थोडा वेग जातो, शाळा दोन मिनिटे लांब जाते. कॉलेजच्या उड्डाणपुलाच्या चढावर मात्र ती आता उतरत नाही.

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही पुन्हा त्याच घाटात गेलो. कॉलेजकुमार डावी कळ दाबायला शिकला होता. तो सगळ्यांत आधी वर पोहोचला आणि आम्हाला तिथून हात करत राहिला. आम्ही दोनदा पाण्यासाठी थांबलो, पण गुडघा शांत होता. मुलगी निम्म्याहून अधिक घाट बसून चढली. शेवटच्या दोन वळणांना उतरली आणि पहिल्यासारखीच निमूट चालत आली. या वेळी कोणी हसले नाही.

परत आल्यावर ती सरळ काकांच्या टपरीवर गेली आणि 24 दात्यांचे फ्रीव्हील मिळते का, असे विचारले. काका म्हणाले, भंगारात बघतो.